बालवर्गाचे शेवटचे तीन आठवडे : मुलांसोबत काय काय करता?

मोठा_गट

मी नाशिकमधल्या एका मराठी शाळेत मोठ्या गटाला शिकवते. पाडवा झाला की वर्ग बंद होईपर्यंत जेमतेम तीन आठवडे हातात उरतात. संस्थेच्या बैठकीत यंदाही दोन सूचना आल्यात. एक, मुलांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून 'पदवीदान' करायचं. दुसरी, हॉल घेऊन सिनेमातल्या गाण्यांवर नाच बसवायचे. दोन्हींना माझा विरोध आहे आणि तो मी बैठकीत मांडलाय. एप्रिलमध्ये इथे पारा ४० अंशांना टेकतो. त्यात पाच वर्षांच्या पोराला नायलॉनचा काळा झगा चढवून तासभर रांगेत बसवायचं, हे मला पटत नाही. नाचाच्या तालमींत तर वर्गाचा सूरच बिघडतो. वर्षभर 'सावकाश कर, जमेल तुला' म्हणणारी ताई शेवटच्या आठवड्यात 'हात वर, हात वर, अगं चुकलीस' असं ओरडायला लागते.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्षाचा शेवट मुलांचा असावा. आपण जूनमध्ये केवढे होतो, आता काय काय येतं आणि इथून पुढे कुठे जाणार आहोत, हे त्यांना डोळ्यांनी बघायला आणि हाताने चाचपायला मिळावं. पाहुण्यांच्या खुर्च्यांचं नंतर बघू.

आमच्या वर्गात सुतळीचा एक उपक्रम चालतो. जूनमध्ये प्रत्येक मुलाला भिंतीशी उभं करून त्याच्या उंचीएवढी सुतळी कापते, नावाची चिठ्ठी बांधून डब्यात ठेवते. मार्चअखेर तो डबा उघडायचा. मूल पुन्हा भिंतीशी उभं राहतं, सुतळी पायापासून वर धरायची आणि ती जिथे संपते तिथपासून टाळूपर्यंत लाल लोकर जोडायची. तेवढी लाल लोकर म्हणजे या वर्षात मूल वाढलं ते. साधारण ५-६ सेंटिमीटर भरते, म्हणजे मुलांच्या बोटांनी चार-पाच बोटं. एका मुलीने लोकरीची गाठ चिमटीत घट्ट धरून विचारलं, "ताई, ही सुटली तर मी परत छोटी होईन?" मग बाकीच्यांनी आपापल्या गाठी तपासल्या. अर्धा तास त्यावरच चर्चा चालली, आणि शेवटी मुलांनीच ठरवलं की गाठ सुटली तरी आपण सुटत नाही.

दुसरं म्हणजे चित्रं. जूनमध्ये काढलेला 'मी' आणि मार्चमध्ये काढलेला 'मी' जमिनीवर शेजारी शेजारी मांडायचे. जूनमधला माणूस म्हणजे एक मोठा गोल आणि त्यालाच फुटलेल्या दोन काठ्या. मार्चमध्ये त्याला मान येते, पोट येतं, शर्टाला गुंड्या येतात, बोटं येतात, कधी सात तर कधी नऊ. मी काहीच बोलत नाही. मूल बोलतं ते चित्राच्या मागे त्याच्याच शब्दांत लिहून घेते.

तुमच्या बालवाडीत, अंगणवाडीत, घरी काय करता? पालकांनीही लिहावं.

---

दुसरी_घंटा

चांगला धागा. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतो, म्हणजे तुम्ही पाठवता ती मुलं माझ्याकडे उतरतात. म्हणून पलीकडच्या काठावरचं लिहितो.

आमच्याकडे २०२२ पासून 'पहिले पाऊल' शाळा पूर्वतयारी मेळावा होतो. एक एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. सकाळी हलगी वाजवत गावातून फेरी काढतो. पहिलीत येणाऱ्या मुलांची नावं घेत घेत घरांवरून जातो, की पोरं आपोआप मागे लागतात. शाळेत टेबलं मांडलेली असतात. नाव नोंदवून झालं की मूल एकेका टेबलावर जातं. एका ठिकाणी रेषेवरून चालायचं, उडी मारायची, चेंडू टाकायचा. पुढे वस्तूंचे गट करायचे, लहान-मोठं लावायचं. कुठे चित्र बघून बोलायचं, कुठे मणी मोजायचे, कुठे आपलं नाव नि घरच्यांची नावं सांगायची. शेवटच्या टेबलावर आईला सुट्टीत घरी करण्याच्या खेळांची कार्डं मिळतात. मग वस्तीवस्तीत आयांचे गट करतो आणि दीड-दोन महिने त्या आपसात ते खेळ घेतात. जूनच्या मेळाव्यात तेच मूल पुन्हा त्याच टेबलांवरून जातं आणि विकासपत्रावर, म्हणजे मुलाला काय काय येतं त्याच्या नोंदीच्या कार्डावर, एप्रिल आणि जून शेजारी शेजारी दिसतात. तुमची सुतळी आणि आमचं विकासपत्र एकाच जातीचं.

एक मात्र सांगतो. टेबलामागे बसलेल्या माणसाने परीक्षकाचा चेहरा केला की सगळं फसतं. "बाळा, हे सांग बरं" म्हटलं की मूल आईच्या पदराआड. म्हणून आम्ही टेबलावर चौथी-पाचवीची मुलं बसवतो. ती 'चल, उडी मारू' म्हणून स्वतःच उडी मारतात आणि लहानगं मागोमाग मारतं.

तुमच्याकडे पहिलीचे शिक्षक वर्गात येतात का? नसतील येत तर या तीन आठवड्यांत बोलवाच. मी अंगणवाडीत जाऊन गोष्ट सांगून येतो. जूनमध्ये मुलं रडत आली तरी मला बघून "गोष्टवाले गुरुजी" म्हणतात आणि माझं निम्मं काम झालेलं असतं.

---

गॅलरीतली_तुळस

मी पालक. सगळं वाचायला छान वाटतंय, पण माझ्या घरी खरा प्रश्न निकालाचा आहे. मुलगा मोठ्या गटात आहे. सासूबाई, माझे बाबा, शेजारच्या काकू, सगळे विचारतात, "किती टक्के पडले? नंबर कितवा?" शाळेत शेवटच्या आठवड्यात लेखी परीक्षा आहे, १ ते १०० अंक आणि बाराखडी. तो रोज संध्याकाळी वही घेऊन बसतो आणि बोटं दुखतात म्हणून रडतो. आम्ही काय करावं? शाळेशी भांडायचं तर त्याच शाळेत पहिलीला प्रवेश हवाय.

---

बोटं_आणि_मनगट

मी लहान मुलांसोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. बोटं दुखतात हे तो खरंच सांगतोय, त्याला बहाणा समजू नका. आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे काढला तर बहुधा त्यांतलं एकही दिसत नाही, कारण तिथे तेव्हा कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग असतो. ती एकेक करून पक्की हाडं होत जातात आणि शेवटचं साधारण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. पाच वर्षांच्या हाताला पानभर अंक म्हणजे फार ओझं. त्याला कणीक मळू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या, वाटाणे-शेंगा सोलू द्या, ओल्या कपड्याचा पिळा काढू द्या. याने बोटांत जी ताकद येते ती वही गिरवून येत नाही. आणि घरचं लेखन दहा मिनिटांवर थांबवा, शाळेने काहीही सांगितलेलं असो.

---

मोठा_गट

@गॅलरीतली_तुळस, प्रवेशाच्या भीतीबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. म्हणजे अंक येत नाहीत म्हणून पहिलीला नाकारता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असलेलं बरं. शिक्षकांशी शांतपणे बोला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवर्ग आणि पहिली-दुसरी एकाच ओघात. मग मधेच लेखी परीक्षेची भिंत कशाला, हा प्रश्न पालकांनी विचारायलाच हवा.

आजी-आजोबांसाठी मी एक करते. शेवटच्या शनिवारी त्यांना वर्गात बोलावते आणि टक्केवारी सांगायच्या ऐवजी मुलाच्या शेजारी बसवते. मूल आपली फाइल उघडून एकेक पान दाखवतं. कुणी मधे बोलायचं नाही एवढाच नियम. गेल्या वर्षी एक आजोबा हातात घड्याळ धरून आले होते, पाच मिनिटांत निघणार म्हणून. नात त्यांना मातीचा बैल दाखवत होती. शिंग तुटलं होतं ते तिने परत कसं चिकटवलं, आधी पाणी लावलं, मग माती खरवडली, मग दाबून धरलं, सगळं क्रमाने सांगत होती. आजोबांनी बैल हातात घेतला आणि म्हणाले, "वशिंड बरोबर काढलंस." त्या घरातून मला कुणी टक्के विचारले नाहीत.

---

चाकावरचा_बाप

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका.

मी ट्रक चालवतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बालवर्गात तो झगा आणि टोपीचा कार्यक्रम झाला. मी नागपूरहून रात्रभर गाडी चालवून पोचलो होतो. तिच्या हातात ती पदवीच्या कागदाची गुंडाळी होती आणि ती माझ्याकडे बघून हसली. तो फोटो आमच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. माझी आई त्याला रोज हात लावते. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला त्यात दिखावा दिसतो. मला त्यात माझी लेक दिसते, पुढे खरा झगा घालणारी.

बाकी उकाड्याचं म्हणाल तर ते बरोबर आहे. पोरं घामाघूम झाली होती.

---

मोठा_गट

दादा, रागवायचं काय त्यात. बैठकीत कुणी असं बोललं असतं तर मी नीट ऐकलं असतं. तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्यापेक्षा मोठं आहे. आईबापांना अभिमानाने भिंतीवर लावायला काहीतरी हवं, आणि ते शाळेनेच द्यायला हवं. शाळा या गरजेकडे डोळेझाक करते म्हणून ती जागा भाड्याच्या झग्याने भरली जाते.

मला एवढंच वाटतं की त्या फोटोत मुलीच्या हातात तिने केलेलं काहीतरी असावं. गुंडाळी सगळ्यांची सारखी आणि आत कोरी असते. तिचं चित्र, तिचा बैल, तिची लाल लोकर जोडलेली सुतळी हातात घेऊन, वर्गाच्या दारात, तुमच्या शेजारी उभी राहून तिचा फोटो काढला तर? यंदा मी प्रत्येक मुलाचा असा फोटो आई-वडिलांसोबत काढून छापून देणार आहे. संस्थेला झग्यांच्या भाड्याएवढे पैसे यासाठी मागते.

---

चाकावरचा_बाप

हे चालेल. पण फोटो मोठा छापा. पासपोर्टएवढा देऊ नका.

---

ओटीवरची_शाळा

मी सिंधुदुर्गात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे स्नेहसंमेलन नाही, हॉल नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीचं काम वजन-उंची, पोषण, लसीकरण आणि त्याच्याबरोबर पूर्वशिक्षण असं चालत आलंय. मूल सहा वर्षांचं झालं की शाळेत जातं आणि आमच्या पटावरून उतरतं. निरोपाची सोय कुठल्या रजिस्टरात नाही, म्हणून ती आम्हीच केली.

आधी सुतळीबद्दल. उपक्रम फार आवडला. आमच्याकडे उंचीपट्टी आणि तक्ता असतो पण मुलाला त्यातलं काय कळणार. फक्त ज्याची लोकर अगदी कमी भरेल त्याचं नाव मनात टिपून ठेवा. सहा-आठ महिन्यांत काहीच वाढ नसेल किंवा वजन घटलं असेल तर आरोग्य केंद्रात दाखवायला आईला सांगा. आणि सुतळ्या एकमेकींशेजारी टांगू नका, पोरं लगेच नंबर लावतात.

आता आमचं. मार्चमध्ये चिंचा उतरतात. मुलं चिंचा फोडतात, चिंचोके वेगळे करतात, धुऊन उन्हात घालतात. दहा-दहाचे ढीग लावतात, तेच आमचं गणित. एप्रिलमध्ये एक दिवस पन्ह्याचा. कैऱ्या मदतनीस ताई उकडून गार करून देतात. साल काढून गर कोयीपासून सोडवायचं काम मुलांचं. हाताच्या कोपरापर्यंत गर जातो. गूळ मुलंच फोडतात, वेलची मुलंच कुटतात. चव बघून 'अजून गूळ' म्हणायचा हक्क त्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलांना, कारण ती आता मोठी. त्यांनीच लहानांना पेले भरून द्यायचे.

मोठ्यांनी आपली कामंही तेव्हाच सोपवायची. वर्षभर कुणी पाणी भरायचं, कुणी चटया घडी करायच्या, कुणी दारातल्या अबोलीला पाणी घालायचं हे ठरलेलं असतं. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपलं काम एका लहानाला शिकवायचं. चटई घडी करायला शिकवणारा पोरगा अगदी माझ्या आवाजात बोलतो, "कोपऱ्याला कोपरा लाव, घाई नको." आपण कसे बोलतो ते तिथे ऐकू येतं.

आणि बिया. भोपळा, पडवळ, दोडका, वाल. उन्हाळ्यापर्यंत वेलावर सुकवलेली फळं मुलांसमोर फोडायची, बिया काढायच्या, राखेत घोळवायच्या म्हणजे कीड लागत नाही. वर्तमानपत्राच्या पुड्या, वर मुलाने काढलेली खूण. घरी जाऊन त्या पाटाखाली, फडताळात जपायच्या. मृगाला, म्हणजे ७ जूनच्या आसपास, करवंटीत माती घालून लावायच्या. शाळा उघडेपर्यंत भोपळ्याला दोन पानं आलेली असतात. आमची मुलं पहिलीच्या पहिल्या दिवशी हातात करवंटी घेऊन जातात. शाळेच्या कुंपणाला तेच वेल चढतात. मूल रोज वेल बघायला म्हणून शाळेत जातं. नवीन जागेत त्याचं स्वतःचं असं काहीतरी असतं.

---

दुसरी_घंटा

करवंटी घेऊन पहिलीत येणारी मुलं! हे मी यंदाच्या जूनच्या मेळाव्यात करणार म्हणजे करणारच. आमच्याकडे करवंट्या कमी, दुधाच्या पिशव्या वापरू. पाऊस लांबला तर पाणी घालायची आठवण आयांच्या गटात टाकता येईल.

---

एल्बेकाठी

जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून लिहिते. बियांचं वाचून राहवलं नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेलने १८४० मध्ये इथून जवळच्या थुरिंगियात किंडरगार्टन उभं केलं, तेव्हा त्याच्या आराखड्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि भोवती सगळ्यांचे मिळून वाफे. आज त्याच्या नावाने चालणाऱ्या कितीतरी ठिकाणी मातीला हात लावू देत नाहीत, आणि सिंधुदुर्गातल्या ओटीवर त्याच्या मनातलं चाललंय.

इथे सॅक्सनीत मुलं शाळेत जाण्याआधी बालवाडीत एक सण करतात. पुठ्ठ्याचा मोठा शंकू असतो, त्यात खाऊ, रंगकांड्या, छोटी खेळणी भरतात. त्याला इथे त्सुकरट्युटे म्हणतात. मुलांना सांगतात की हे शंकू झाडाला लागतात आणि ते पिकले की शाळेत जायची वेळ झाली. बालवाडीच्या अंगणातल्या झाडाला एके सकाळी छोटे छोटे शंकू लटकलेले असतात. मोठा शंकू मग ऑगस्टमध्ये शाळेच्या प्रवेश समारंभाला मिळतो. माझ्या मुलाने उन्हाळाभर त्या झाडाला पाणी घातलं होतं.

काही बालवाड्यांत आणखी एक पद्धत आहे, शेवटच्या दिवशी मुलाला चक्क दाराबाहेर 'फेकतात'. दोन ताया हातपाय धरून झोका देतात आणि बाहेर ठेवलेल्या जाड गादीवर सोडतात. सगळे ओरडतात, मूल खिदळत उठतं. पहिल्यांदा बघून मी दचकले. पण माझ्या मुलाला सगळ्यात जास्त तेच आठवतं. आता इथलं संपलं, हे त्याच्या अंगाला कळलं.

सोबत प्रत्येकाची जाड फाइल मिळते, तीन-चार वर्षांची चित्रं, फोटो, ताईने लिहिलेल्या नोंदी. मोठा_गट ताई, तुमची फाइल वाचून तीच आठवली.

---

निळं_दप्तर

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, यंदा पहिलीत जाईल. माझ्यासाठी हा धागा फार महत्त्वाचा आहे.

त्याच्यासाठी वर्षाचा शेवट म्हणजे रोजचं सगळं मोडणं. तालमी सुरू झाल्या की डब्याची वेळ बदलते, वर्ग बदलतो, स्पीकर लागतो. तो कान दाबून कोपऱ्यात बसतो आणि सगळ्यांना वाटतं त्याला समारंभ आवडत नाही. त्याला समारंभ आवडतात. त्याला अचानक काही झालेलं सोसत नाही.

त्याच्या ताईने यावर एक गोष्ट केली, ती सगळ्याच मुलांसाठी करता येईल. नव्या शाळेच्या फोटोंची वही. फाटक, चपला ठेवायची जागा, पहिलीचा वर्ग, बाक, पाण्याचा नळ, शौचालयाचं दार आतून आणि बाहेरून, घंटा, नव्या बाईंचा चेहरा. प्रत्येक पानावर एकच फोटो आणि खाली एकच ओळ. 'इथे मी चपला ठेवीन.' 'लघवीला लागली तर मी बाईंना सांगीन.' तो रोज झोपताना ती वही बघतो. आधी रिकाम्या वर्गात नेलं, मग मुलं असताना दाराशी उभं केलं, मग बाकावर बसवलं. नळाचा फोटो त्याला सर्वात जास्त लागतो. नवीन शाळेतला नळ दाबायचा आहे, जुन्यातला फिरवायचा होता. तो घरी नुसता हात दाबायची सवय करतोय.

शौचालयाचा फोटो विसरू नका, एवढीच विनंती. बहुतेक शाळा पाहुण्यांना संगणक कक्ष दाखवतात. मुलाला आधी शौचालय माहीत हवं असतं.

---

मोठा_गट

ताई, ही वही मी उद्याच सुरू करते, संपूर्ण वर्गासाठी एक आणि ज्यांना हवी त्यांना घरी न्यायला वेगळी. नळाचं माझ्या कधी लक्षातच आलं नसतं. मुलांनाच घेऊन पहिलीच्या इमारतीत जाईन आणि फोटो कशाकशाचे काढायचे ते त्यांना ठरवू देईन. ती काय निवडतात त्यावरून त्यांना कशाची धास्ती आहे तेही कळेल.

---

झाई_बोर्डी

आमच्या डहाणू भागाचं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी उभी राहिली, तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली होती. पोर पाळणाघरातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत सरकायचं, शेजारच्या खोलीत गेल्यासारखं. भावंडाला सांभाळणारी मुलगीही त्यामुळे शाळेत येऊ शकायची. आज आपण फोटोंची वही, मेळावा, पहिलीच्या गुरुजींची भेट असं जे काही करतोय, ते त्या दोन खोल्यांमध्ये आता पडलेलं अंतर भरून काढायलाच. साधनंही तीच होती, शंख-शिंपले, बिया, पानं, माती.

आमच्या पाड्यावरच्या बालवाडीत वर्ष संपताना भिंत सारवतात. आईबाप आणि मुलं मिळून. जुनी भिंत झाडून, वर गेरूचा हात मारायचा. वाळली की तांदळाच्या पिठाने मुलं चित्रं काढतात, या वर्षी काय काय केलं ते. नदीवर गेलो, कोंबडीला पिल्लं झाली, ताईची चप्पल हरवली. मोठी माणसं लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं वारली चित्र, लिहितात त्या भिंतीपेक्षा ही भिंत वेगळी, तिच्यावर पोरांचा कारभार. पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा गेरू बसतो आणि नवीन पोरं नवीन काढतात. जुनं पुसलं म्हणून कुणी रडत नाही, कारण पुसायलाही तीच येतात, पहिलीतून.

---

गॅलरीतली_तुळस

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेत जाऊन बोलले. परीक्षा रद्द होणार नाही म्हणाले, पण माझ्या मुलाची तोंडी घेऊ म्हणाले आणि तसं बाकी पालकांनाही कळवू म्हणाले. आज त्याने कणीक मळली. पोळ्या जाड झाल्या, सासूबाईंनी न बोलता खाल्ल्या.

---

मोठा_गट

तुळसताई, फारच छान झालं. बाकी पालकांपर्यंत ते पोचतंय ना एवढं बघा.

आमच्या बैठकीत ठरलं ते सांगते. झगे नाहीत. नाच नाही, पण मुलांना आवडणारी गाणी वर्गातच शेवटच्या शनिवारी सगळे मिळून म्हणणार, स्पीकर न लावता. पहिला आठवडा सुतळ्या, चित्रं आणि त्यांमागे मुलांच्या तोंडचे शब्द. दुसऱ्या आठवड्यात पहिलीच्या इमारतीत फेरी, फोटोंची वही आणि कामं सोपवणं. आमच्या लहान गटाच्या ताई यासाठी रोज अर्धा तास द्यायला तयार झाल्यात. तिसऱ्या आठवड्यात पन्हं, बियांच्या पुड्या, आजी-आजोबांचा शनिवार आणि दारातला फोटो. फोटो पोस्टकार्डापेक्षा मोठा छापायला संस्थेने होकार दिलाय, चाकावरचे दादा.

भिंतीचं मात्र अडलंय. आमची भिंत ऑइल पेंटची आहे. गेरू धरेल का?

---

झाई_बोर्डी

नाही धरणार, वाळला की पापुद्रे निघतील. जाड पुठ्ठ्यावर किंवा जुन्या सुती चादरीवर करा. चादर आधी धुऊन खळ काढून टाका, ताणून चौकटीला बांधा. गेरू रात्री भिजत घाला आणि त्यात बाभळीचा डिंक विरघळवून मिसळा, म्हणजे हाताला रंग येत नाही. तांदळाचं पीठ पातळ हवं, त्यातही थोडा डिंक. इकडे आम्ही बांबूची काडी चावून कुंचला करतो. तुमच्याकडे जाड सुती दोरा काडीला गुंडाळला तरी चालेल. आधी चादरीच्या एका कोपऱ्यात लावून, वाळवून, बोट फिरवून बघा. पांढरं निघालं तर डिंक वाढवा.